दुसरी किल्ली

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या महिन्यात चार दिवसांच्या अंतराने दोन निरोप आले. पहिल्यात एका शेजाऱ्यांनी बँकेवर आगपाखड केली होती. मुलगा परदेशात, त्याच्या नावाची मुदत ठेव मोडून पैसे इथे घरखर्चाला घ्यायचे होते. मुलाने ईमेल केला, मॅनेजरना फोनही केला. पण काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, ‘फोनवर ठेव मोडता येत नाही, सहीचा फॉर्म पाठवायला सांगा, नाहीतर त्यांनाच नेटबँकिंगवरून करू द्या.’ वीस वर्षांचं खातं, सगळा स्टाफ नावानिशी ओळखतो, आणि तरी ही तऱ्हा! खाली पटापट अंगठे उमटले. ‘यांना काम करायचंच नसतं’, ‘नियमावर बोट ठेवून बसतात’ वगैरे. चार दिवसांनी दुसरा निरोप आला. एका बँकेतल्या कर्मचाऱ्याने म्हाताऱ्या खातेदारांच्या ठेवी परस्पर मोडल्याची बातमी होती. खाली तीच मंडळी, फक्त सूर बदललेला: ‘बाकीचा स्टाफ झोपला होता काय?’

झोपला कशाला असेल? त्यातला एखादा शेजारच्या टेबलावरून आलेल्या फॉर्मवर, नमुन्याची सही न बघता, दुसरी सही करत असेल. गिऱ्हाईक खोळंबू नये म्हणून. आपल्या शेजाऱ्यांना त्या मॅडमकडून जे हवं होतं, नेमकं तेच.

बँकेतल्या घोटाळ्यांवरचा आपला वाद नेहमी चोरापासून सुरू होतो. एक बाजू म्हणते, माणसं हरामखोर आहेत, हाकला त्यांना, बँकाच विकून टाका. दुसरी म्हणते, कामाचा बोजा बघा, टार्गेटं बघा, माणसाने काय काय सांभाळायचं? दोघांचंही लक्ष शेवटच्या माणसावर. एकतीस वर्षं बँकेच्या नोकरीत घालवल्यावर माझं मत याहून वेगळं झालं आहे. चोर येण्याच्या कितीतरी आधी शाखा धोक्यात आलेली असते, आणि त्या काळात तिथे सगळे प्रामाणिक असतात. कुणी पासवर्ड सहकाऱ्याला सांगून दवाखान्यात जातो, कुणी कोऱ्या फॉर्मवर गिऱ्हाइकाच्या सह्या घेऊन ठेवतो (‘पुन्हा हेलपाटा नको काकांना’), कुणी रोकड न मोजता कॅशबुकावर सही ठोकतो, कारण हेड कॅशियर देवमाणूस आहे. ही सगळी चांगुलपणाची कामं आहेत. म्हणूनच त्यांना कुणी धोका म्हणत नाही, आणि म्हणूनच तो धोका मोठा आहे.

२४ मे १९७१चा दिवस घ्या. दिल्लीत स्टेट बँकेच्या संसद मार्ग शाखेत मुख्य रोखपाल वेदप्रकाश मल्होत्रा यांना फोन आला. बांगलादेशासंबंधी गुप्त कामासाठी ६० लाख रुपये तातडीने हवे आहेत, ठरलेला सांकेतिक शब्द सांगणाऱ्या माणसाच्या हाती द्या, पावती पंतप्रधानांच्या घरून घ्या. फोनवर खुद्द इंदिरा गांधींचा आवाज आहे अशी त्यांची खात्री पटली. त्यांनी सहकाऱ्यांकडून रोकड बाहेर काढवली, गाडीत भरली आणि रुस्तम नगरवाला नावाच्या माणसाच्या स्वाधीन केली. पावतीसाठी पंतप्रधानांच्या घरी गेले तेव्हा कळलं, की तिथून असा फोन झालेलाच नाही. या प्रकरणावर राजकीय तर्कवितर्क पोत्याने झाले, १९७७ मध्ये चौकशी आयोगही बसला. बँकेच्या माणसाला मात्र त्यातला अगदी साधा भाग बोचतो. आधी व्हाउचर, मग रोकड, हे कॅश खात्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात. त्या दिवशी क्रम उलटा झाला. मल्होत्रा लाच खाऊन बसले नव्हते, देशाच्या कामी पडतोय या भावनेने त्यांनी तिजोरी उघडली. त्यांच्या हाताखालच्यांनीही साहेबांवर विश्वास ठेवला. एवढ्या सद्भावनेपुढे ६० लाखांची काय कथा!

माणूस चांगला असो वा वाईट, एकट्याच्या शब्दावर दार उघडायचं नाही, ही अक्कल आपल्याकडे कुठल्या परदेशी सल्लागाराने आणलेली नाही. शिवकाळात गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी असत. किल्ल्या एकाकडे, हिशेब दुसऱ्याकडे, शिबंदी तिसऱ्याकडे. एक फितूर झाला तरी गड जाऊ नये, अशी ती रचना. हवालदाराला यात अपमान वाटला असेल का? वाटला असेलही. पण महाराजांनी माणसं पारखून नेमली आणि तरीही तीन नेमली. आता याच्या शेजारी लंडनची बेअरिंग्ज बँक ठेवा. १७६२पासूनची पेढी. तिच्या सिंगापूरच्या कचेरीत निक लीसन सौदेही करत होता आणि त्या सौद्यांच्या नोंदी-हिशेबाचं खातंही तोच बघत होता, म्हणजे हवालदारही तोच आणि सबनीसही तोच. तोटा लपवायला त्याने ८८८८८ क्रमांकाचं एक खातं वापरलं. एकाच माणसाकडे दोन्ही कामं असणं धोक्याचं आहे, असं अंतर्गत तपासनिसांनी १९९४ मध्ये लिहूनही दिलं होतं. पण पोरगा नफा दाखवत होता, कशाला त्याला दुखवा? फेब्रुवारी १९९५ मध्ये ८२.७ कोटी पौंडांचं भगदाड उघडं पडलं आणि सव्वादोनशे वर्षांची बँक एका पौंडाला विकली गेली.

आपल्याकडे १९९२चा रोखे घोटाळा ‘हर्षद मेहता’ या दोन शब्दांत संपवायची पद्धत आहे. पण तो घोटाळा ज्या रस्त्याने गेला, तो रस्ता सोयीसाठी बांधलेला होता. सरकारी रोख्यांचे व्यवहार रिझर्व्ह बँकेच्या वहीत हाताने नोंदले जात, वेळ लागे. म्हणून बँकांनी प्रत्यक्ष रोख्यांऐवजी ‘बँक रिसीट’ नावाची, रोखे मागाहून देऊ अशी चिठ्ठी एकमेकींना द्यायला सुरुवात केली. एका बँकेने दुसऱ्या बँकेच्या नावाने काढलेला चेक दलालाच्या खात्यात जमा करायचा, हीसुद्धा बाजाराची रीतच होऊन बसली. कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘सगळेच असं करतात.’ मग रोखेच नसलेल्या चिठ्ठ्या निघाल्या, आणि त्या काढणाऱ्यांत आपली बँक ऑफ कराड होती. मुंबईच्या सौद्यांशी काडीचा संबंध नसलेल्या साताऱ्याकडच्या ठेवीदारांनी त्याची झळ सोसली.

ब्रॅडी हाउसची गोष्ट तर शिकवणीच्या वर्गात फळ्यावर काढून दाखवावी अशी आहे. पंजाब नॅशनल बँकेची मुंबईतल्या फोर्टमधली ही शाखा. हिऱ्यांच्या व्यापाऱ्यांसाठी इथून परदेशातल्या बँकांना हमीपत्रं (‘यांना कर्ज द्या, त्यांनी फेडलं नाही तर आम्ही भरू’) जात होती, ‘स्विफ्ट’ या संदेशयंत्रणेवरून. पण स्विफ्ट आणि बँकेची मुख्य संगणकप्रणाली यांची जोडणी नव्हती. एकीकडे संदेश जायचा, दुसरीकडे त्याची नोंद माणसाने हाताने करायची. ती केलीच नाही, तर पुस्तकात कर्जही दिसत नाही आणि तारणही मागावं लागत नाही. २०११पासून हे चाललं. १४ फेब्रुवारी २०१८ला बँकेने आकडा जाहीर केला तो सुमारे ११,४०० कोटींचा, पुढे तो १३,००० कोटींच्या वर गेला. लोकांना नीरव मोदीचे दागिने आणि विमान आठवतं. मला आठवते ती त्या शाखेतली रोजची न झालेली कामं. दिवसभरात गेलेल्या स्विफ्ट संदेशांचा कागद काढून तो वहीशी ताडून बघायचा असतो, ते कुणी बघितलं नाही. संवेदनशील टेबलावरचा माणूस तीन वर्षांत हलवायचा असतो, इथे आरोप असलेला उपव्यवस्थापक २०१०पासून २०१७मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याच शाखेत होता. हिऱ्यांच्या आयातीला असं कर्ज ९० दिवसांचं, हमीपत्रं जात होती वर्षभराची. यातलं एकही काम करायला हुशारी लागत नाही. कंटाळवाणी कामं आहेत ती, आणि कंटाळवाणी आहेत म्हणूनच राहून जातात.

प्रकरण फुटलं तेही कुठल्या धाडीत नाही. जानेवारी २०१८ मध्ये त्या कंपन्यांची माणसं नेहमीसारखी हमीपत्र मागायला आली. टेबलावर नवा अधिकारी होता. तो म्हणाला, शंभर टक्के मार्जिन भरा, म्हणजे हमीइतकी पूर्ण रक्कम आधी बँकेत ठेवा. ते म्हणाले, आजवर आम्ही कधी भरलं नाही. त्याने मागच्या नोंदी उघडल्या, तर नोंदीच नाहीत! सात वर्षांचं पितळ एका नियमाच्या प्रश्नाने उघडं पडलं. त्या अधिकाऱ्यालाही त्या दिवशी कुणीतरी मनात म्हटलं असेल, नियमावर बोट ठेवतो लेकाचा.

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं. त्यात दम आहे आणि ते झटकून टाकता येत नाही.

सगळ्यात कठीण आक्षेप आमच्याच संघटनांनी नकळत पुरवलेला आहे. संप न करता कामकाज ठप्प करायचं असेल, तर एक आंदोलन असतं: नियमानुसार काम. प्रत्येक जण पुस्तकात लिहिलंय तसं, तेवढंच आणि त्याच क्रमाने करतो, आणि दुपारी बारापर्यंत रांग रस्त्यावर येते. नियम पाळणं हेच जर आंदोलनाचं हत्यार असेल, तर रोजची बँक नियम मोडूनच चालते, असाच याचा अर्थ नाही का? बऱ्याच अंशी आहे. पाच माणसांच्या शाखेत तीनच हजर, त्यात एक जनधन खात्यांच्या केवायसीत अडकलेला. अशा ठिकाणी एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासून पास करायची, हा मेकर-चेकरचा नियम कसा पाळायचा? मग मेकर ओरडतो, ‘साहेब, पास करून टाका’, आणि साहेब दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलता बोलता एंटर दाबतात. स्क्रीनवर दोन नावं उमटतात, पण डोळे दोनच बघत होते.

पण यातून निष्कर्ष काय काढायचा? नियम अशक्य असेल तर तो बदलून घ्यायचा असतो. गुपचूप मोडल्याने तो कधीच बदलत नाही, कारण वरच्यांना तो पाळला जातोय असंच दिसत राहतं. शाखेने तीन माणसांत पाच माणसांची सही भागवली, की मुख्य कार्यालयाच्या लेखी ती शाखा तीन माणसांत चालते! पुढच्या वर्षी तिसराही उचलतात. जो कर्मचारी अडचण लपवून काम ओढतो, तो स्वतःच्याच जागेवर माणूस न मिळण्याची सोय करतो. संघटनांनी ‘नियमानुसार काम’ एक दिवसाच्या आंदोलनापुरतं का ठेवलं, हा माझा त्यांना जुना प्रश्न आहे.

टार्गेटांचंही खरंच आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत उघड झालं, की एकेका गिऱ्हाइकाच्या गळ्यात आठ-आठ योजना मारण्याच्या दडपणाखाली कर्मचाऱ्यांनी लोकांना न विचारता लाखो खाती उघडली होती. ५,३०० जणांना काढलं, १८.५ कोटी डॉलर दंड झाला. काढलेल्यांतले बहुतेक खालच्या पायरीवरचे. आपल्याकडे मार्चअखेरीला विम्याच्या पॉलिसी कशा ‘विकल्या’ जातात, हे एफडीसाठी गेलेल्या कुठल्याही पेन्शनरला विचारा. दडपण वरून येतं, यात शंका नाही. पण ते नेहमी तोंडी येतं, हेही बघा. ‘करून टाका, मी आहे’ असं म्हणणारे साहेब लेखी द्यायची वेळ आली, की मीटिंगमध्ये असतात. तोंडी आदेशाला त्याच दिवशी लेखी दुजोरा मागायची पद्धत बँकेत आहे. ती वापरणारा अधिकारी आगाऊ ठरतो, बदलीही ओढवते. तरी निलंबनापेक्षा बदली बरी, हे मी वरच्या पट्टीत सांगतो, कारण चौकशी लागल्यावर ‘मी आहे’ म्हणणारं कुणी नसतं.

तिसरा आक्षेप माणुसकीचा. जून २०२० मध्ये ओडिशातल्या नुआपाडा जिल्ह्यात एका बाईने शंभरीच्या घरातल्या आईला खाटेसकट ओढत बँकेत नेलं, जनधन खात्यातले १,५०० रुपये काढण्यासाठी. बँकेला म्हातारीची प्रत्यक्ष ओळख पटवायची होती. तो व्हिडिओ देशभर फिरला आणि ‘नियम पाळा’ म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांच्या थोबाडीत बसावी तशी ती गोष्ट बसली. पण नियम काय आहे ते कुणी वाचलं का? सत्तरीच्या पुढच्यांना आणि अंथरुणाला खिळलेल्यांना घरपोच सेवा द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच बँकांना कळवलं होतं. सही जमत नसेल तर हाताचा, तोही नसेल तर पायाचा अंगठा, दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी, ही तरतूद तर त्याहून कितीतरी जुनी. नियमपुस्तकाने माणुसकी शिल्लक ठेवलेली असते. ती पानं उलटायचा आळस करणारा आणि पासवर्ड वाटणारा, दोघे माझ्या लेखी एकाच जातीचे. दोघांनाही प्रक्रिया अर्धीच ठाऊक असते.

हिरकणीची आख्यायिका आपण आईच्या मायेची गोष्ट म्हणून सांगतो. मला तिच्यातले पहारेकरी आठवतात. सूर्य मावळला, दरवाजे बंद झाले, तान्हं बाळ घरी आहे म्हणून बाई विनवत होती, तरी त्यांनी दार उघडलं नाही. ती कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि ती उतरली त्या जागी बुरूज बांधला. दार न उघडल्याबद्दल पहारेकऱ्यांना शिक्षा झाल्याचं निदान मी तरी कुठल्या आवृत्तीत ऐकलेलं नाही. आणि त्या रात्री एका आईने जीव धोक्यात घातला, ही किंमत खोटी आहे असंही कुणी म्हणू नये. असल्या किमती दरवाजावरच्या माणसाने मनाशी हिशेब करून माफ करायच्या नसतात, त्या वर कळवायच्या असतात.

राहिला तो सगळ्यात निराश युक्तिवाद: वरचेच चोर असतील तर खालच्याने नियम पाळून काय होणार? पीएमसी बँकेत २०१९ मध्ये एकाच बिल्डर समूहाची कर्जं लपवायला २१,०४९ बनावट खात्यांची यादी वापरल्याचं बाहेर आलं, आणि ठेवीदारांना सुरुवातीला फक्त हजार रुपये काढायची मुभा मिळाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत प्रभादेवी आणि गोरेगावच्या तिजोऱ्यांतली १२२ कोटींची रोकड गायब असल्याचं रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत निघालं. प्रकरणं वरच्या खुर्च्यांपर्यंत गेली, खरं आहे. पण १२२ कोटी म्हणजे पाचशेच्या नोटांच्या २४,४०० गड्ड्या. प्रभादेवीच्या तिजोरीत जेमतेम दहा कोटी मावतात, असं तपासात सांगितलं गेलं. रोज संध्याकाळी रोकड दोघांनी मोजायची असते, मधूनच तिसऱ्याने येऊन अचानक मोजायची असते, ऑडिटरने मोजायची असते. वरच्याने चोरी करायची म्हटली तरी खाली इतक्या सह्या लागतात. त्या सह्या करणारे सगळेच काही वाटेकरी नव्हते. बहुतेकांनी तिजोरीचं दार उघडून आत बघितलं नाही, इतकंच.

रिझर्व्ह बँकेला हे कळत नाही असंही नाही. संवेदनशील जागेवरच्या माणसाला वर्षातून किमान दहा कामाचे दिवस सलग आणि पूर्वसूचना न देता सक्तीच्या रजेवर पाठवा, असा तिचा दंडक आहे. तो दूर असताना त्याचं टेबल दुसरा बघतो आणि झाकलेलं वर येतं. बँकांत याची अंमलबजावणी बघा. माणूस ‘रजेवर’ जातो आणि त्याचा फोन दिवसातून वीसदा वाजतो, ‘ती फाइल कुठाय?’, ‘पासवर्ड काय होता?’ स्विफ्टच्या गैरवापराबद्दलही रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१६पासून तीनदा बँकांना सावध केलं होतं, असं तिनेच २०१८ मध्ये सांगितलं. आणि ब्रॅडी हाउसनंतर एक वर्षाने, मार्च २०१९ मध्ये, स्विफ्टबद्दलच्या सूचना वेळेत न पाळल्याबद्दल ३६ बँकांना मिळून ७१ कोटींचा दंड करायची वेळ आली. आग शेजाऱ्याच्या घराला लागलेली दिसत असताना ही गत.

शेवटी माझ्यावरच्या एका गोष्टीशिवाय हा लेख लिहिणं लबाडी होईल. १९९६ साल, तालुक्याच्या गावातली शाखा. तिजोरीला दोन कुलपं, एक किल्ली हेड कॅशियरकडे, दुसरी माझ्याकडे. दोघांनी मिळून उघडायची, मिळून मोजायची, मिळून लावायची. मी तरुण अधिकारी, दुपारी वसुलीला खेड्यांत जायचो, परत यायला सहा-साडेसहा. मग कॅश कधी बंद होणार? म्हणून जाताना माझी किल्ली मी अण्णांकडे देऊन जायचो. सगळे त्यांना अण्णाच म्हणत. पन्नाशी ओलांडलेला, कपाळाला गंध, एक पैसा इकडचा तिकडे न करणारा माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅशबुकावर आदल्या दिवशीची सही करायचो. आठ महिने असं बिनबोभाट चाललं.

मग एका सोमवारी पाचशेची एक गड्डी कमी भरली. पन्नास हजार. शोधून शोधून दमलो, पेमेंटची व्हाउचरं उलटीपालटी केली, कचऱ्याची टोपली पालथी घातली. गड्डी आजतागायत सापडलेली नाही. कुणी चोरली, की शुक्रवारच्या गर्दीत कुणाला जास्त गेली, देव जाणे. पण चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने अण्णांना एकच प्रश्न विचारला, ‘दोन्ही किल्ल्या तुमच्याकडे होत्या ना?’ त्याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. माझी किल्ली माझ्याकडे असती, तर ‘मी एकट्याने तिजोरी उघडूच शकत नाही’ हे वाक्य त्यांना म्हणता आलं असतं. माझ्या विश्वासाने त्यांचं ते एकमेव वाक्य काढून घेतलं होतं. त्यांनी पीएफमधून पैसे भरले. मुलीचं लग्न तोंडावर होतं. मला एक मेमो मिळाला. निम्मे मी भरतो म्हणालो, तर त्यांनी मान हलवली आणि विषय बदलला.

पैसे भरले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी वसुलीला निघालो. जीप बाहेर उभी होती. सवयीने खिशातून किल्ली काढून काउंटरच्या जाळीतून पुढे केली. अण्णांनी नोटा मोजायच्या थांबवल्या, दोन्ही हात काउंटरखाली घेतले आणि म्हणाले, ‘साहेब, मी सात वाजेपर्यंत थांबतो.’